उत्तर नसलेले पुस्तक : होशंगाबादचा विज्ञानशिक्षणाचा प्रयोग

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत 'वैज्ञानिक पद्धती' या विषयाला कुठेतरी जागा दिलेली असते. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष अशा पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात आणि परीक्षेत त्या त्याच क्रमाने लिहिल्या की गुण मिळतात. शंका घेण्याची रीत अशी निःशंकपणे पाठ करून घेतली जाते, यातली विसंगती आपल्याला फारशी खटकत नाही. ज्यांना ती खटकली, त्यांनी मध्य प्रदेशातील एका ग्रामीण जिल्ह्यात तीस वर्षे वेगळी वाट चालून पाहिली.

1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील (2022 पासून नर्मदापुरम) 16 माध्यमिक शाळांत हा कार्यक्रम सुरू झाला. 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन स्वयंसेवी संस्थांनी त्यात पुढाकार घेतला. 'किशोर भारती'चे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात आलेले शास्त्रज्ञ. त्या संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील अनेक वैज्ञानिक या कामात सामील झाले. या शाळा प्रयोगशाळेने सज्ज अशा निवडक शाळा नव्हत्या. त्या सहावी ते आठवीच्या साध्या शाळा होत्या. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि 1982 मध्ये त्याची धुरा वाहण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली.

'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पाठ्यपुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, त्यात उत्तरे नव्हती. काय करून पाहायचे याच्या सूचना होत्या आणि पाहिल्यावर विचारायचे प्रश्न होते. मुले चौघाचौघांच्या गटांत बसत, प्रयोग करीत आणि दिसले ते आपल्या शब्दांत वहीत लिहीत. चार गटांनी एकच लांबी मोजली आणि चार आकडे आले, तर बरोबर कोणता? गुरुजींचा आकडा खरा, हे उत्तर येथे चालत नसे. मोजमापात फरक पडतोच, तो का पडतो आणि किती पडला तर चालतो, हे मुलांनी आपसांत वाद घालून ठरवायचे. शास्त्रज्ञ ज्याला मापनातील त्रुटी म्हणतो, तिची ओळख व्याख्येच्या आधी अशी अनुभवातून होई.

साधनेही परिसरातलीच. फुलाचे भाग सुटे करायला बाभळीचा काटा पुरे. पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन तेथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या 'आयुका'त त्यांनी मुलांसाठी जे दीर्घकाळ काम केले, त्याचे बीज येथले.

परंतु या प्रयोगाचा खरा कस परीक्षेत लागला. अध्यापन कितीही बदलले, तरी वर्षाअखेरीस पाठांतरच तपासले जाणार असेल तर मुले पाठांतरच करतात. म्हणून येथील लेखी परीक्षेत पुस्तक व वही उघडी ठेवायला परवानगी होती आणि जोडीला प्रात्यक्षिक परीक्षाही होती. शिक्षकांची दर महिन्याला बैठक होई. सर्वज्ञतेचा आव टाकून 'मला ठाऊक नाही, पाहू या' असे म्हणणे हे शिक्षकाचे न्यून नसून त्याचे काम आहे, ही या साऱ्या खटाटोपामागची धारणा. ज्या समाजात वयाने, जातीने वा पदाने मोठ्या असलेल्याचा शब्द प्रमाण मानतात, तेथे या वाक्याचे मोल केवळ शैक्षणिक नव्हते.

2002 साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो सुमारे हजार शाळांत पोहोचला होता. सर्व राज्यात एकच अभ्यासक्रम हवा, हा बंद करणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद. नववीत गेलेल्या मुलांपुढे पुन्हा जुनेच माहितीने भरलेले पुस्तक येई. त्यामुळे आपली मुले स्पर्धेत मागे पडतील, ही पालकांची चिंताही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तीन वर्षे प्रश्न विचारायला शिकवायचे आणि चौथ्या वर्षी केवळ उत्तरे मागायची, हा दोष त्या तीन वर्षांचा की चौथ्याचा, हा प्रश्न मात्र तेव्हा नीटपणे विचारला गेला नाही.

या इतिहासात एक उपरोध दडलेला आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्याच्या चार वर्षे आधीपासून होशंगाबादची मुले ते कर्तव्य बाभळीच्या काट्याने पार पाडीत होती. कर्तव्य संविधानात राहिले, काटा शाळेबाहेर गेला. वैज्ञानिक पद्धती शिकवणे म्हणजे मुलांच्या हाती असहमतीचे साधन देणे होय. आणि ते देण्याची तयारी नसेल, तर निरीक्षण, प्रश्न, गृहीतक या पायऱ्या पाठ करवून घेणे सर्वांनाच सोयीचे असते.