चिक चॉकलेट

चिक चॉकलेट (१९१६–१९६७) हे मुंबईतील गोमंतकीय ट्रम्पेटवादक, जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख आणि हिंदी चित्रपटसंगीतातील संगीत-साहाय्यक होत. त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ असून त्यांचा जन्म बारदेश तालुक्यातील हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली जात. गावात रोजगार तोकडा असल्याने ही विद्या गाठीशी बांधून अनेक वादक मुंबईला येत आणि धोबी तलाव परिसरातील ‘कूड’ म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत उतरत.

जॅझ हे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे कृष्णवर्णीय समाजात घडलेले संगीत असून त्याच्या पारंपरिक शैलीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट व ट्रॉम्बोन एकाच चालीचा वेगवेगळा विस्तार एकाच वेळी आयत्या वेळी करतात. ट्रम्पेट तीन खटक्यांनी चाल पुढे नेतो, तर ट्रॉम्बोनची सरकती नळी मिंडेसारखे घसरते स्वर खाली भरत राहते. १९३०च्या दशकात लीऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ यांसारख्या आफ्रिकी-अमेरिकी वादकांमुळे ही शैली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ऐकू येऊ लागली. चिक यांनी लुई आर्मस्ट्राँग यांचे वादनच नव्हे, तर खरखरीत आवाजाची गायकीही आत्मसात केली आणि ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ ही ओळख मिळवली.

मराठी वाचकाला त्यांचे महत्त्व विशेषतः संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबरच्या कामातून जाणवते. सी. रामचंद्र, म्हणजेच पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, हे विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य होते. त्यांची तालीम रागसंगीताची होती आणि त्या संगीतात चाल एकेरी धाग्याने चालते. ती अनेक वाद्यांत वाटायची, एकाच क्षणी वेगवेगळे स्वर जुळवून वाजवायचे, म्हणजे स्वरमेळ साधायचा, तर प्रत्येक वादकापुढे लिहिलेला कागद लागतो, आणि ही लेखनकला गोमंतकीयांच्या हाती होती. ‘अलबेला’ (१९५१) या भगवानदादांच्या चित्रपटातील ‘शोला जो भडके’ या गीतात हा मिलाफ नजरेसही पडतो: झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले चिक व त्यांचे साथीदार पडद्यावर वाजवताना दिसतात, बोंगोच्या ठेक्यावर ट्रम्पेटचा तुकडा उसळतो आणि चाल मात्र अस्सल देशी राहते. अशा गाण्यांचे श्रेय संगीतकाराबरोबर वाद्यमेळ रचणाऱ्यांनाही द्यायला हवे; श्रेयनामावलीत मात्र त्यांच्या वाट्याला ‘साहाय्यक’ एवढाच शब्द आला.

स्वतंत्र संगीतकार म्हणून चिक यांनी ‘नादान’ (१९५१) या चित्रपटाला संगीत दिले आणि ट्रम्पेटसारखे प्रखर वाद्य वाजवणाऱ्या या कलावंताची त्यातील तलत महमूद यांनी गायलेली मंद, हळवी चाल रसिकांना विशेष भावली. मे १९६७ मध्ये, वयाची साठीही न गाठता, त्यांचे निधन झाले.