करवसुलीचा नकाशा आणि डोंगरवाट

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केरी नावाचा परगणा आहे. तिथल्या डोंगररांगेत त्या बेटावरचे सर्वांत उंच शिखर आहे, कॅरनटूहिल. उंची १०३९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरने कमी. पण अटलांटिक महासागरावरून येणारे ढग तिथे केव्हा उतरतील याचा भरवसा नसतो. एकदा ढग उतरले की दहा पावलांपुढचे दिसत नाही, आणि मग डोंगरात चालणाऱ्याजवळ दोनच गोष्टी उरतात: होकायंत्र आणि नकाशा.

असा नकाशा चुकला तर काय होईल? १:५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक झाली, तर सपाट माळावर काही बिघडत नाही. कड्याच्या काठावर मात्र तेवढ्यानेच जीव जाऊ शकतो. म्हणून आयर्लंडमधले डोंगरभटके नकाशांबद्दल फार चिकित्सक असतात. आणि त्यांची जुनी तक्रार अशी, की ज्या देशाचा नकाशा जगात सर्वांआधी इतक्या बारकाईने काढला गेला, त्याच देशात डोंगरात चालणाऱ्यासाठी चांगला नकाशा मिळायला दीडशे वर्षे लागली.

असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर विज्ञानापेक्षा इतिहासात सापडते. नकाशा कोणासाठी काढला, यावर त्यात काय दिसते आणि काय दिसत नाही हे ठरते.

कर किती लावायचा?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंड ब्रिटिश संसदेच्या अमलाखाली होता. स्थानिक कर जमिनीवर बसे. जमिनीचा सर्वांत छोटा घटक म्हणजे ‘टाउनलँड’. आपल्याकडची वाडी किंवा शिवार म्हणा ना. देशभरात असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड होते, पण त्यांच्या सीमा आणि क्षेत्रफळे यांची विश्वासार्ह नोंद नव्हती. त्यामुळे कर अन्यायाने वसूल होतो अशी ओरड होती. १८२४ साली संसदेच्या समितीने निर्णय दिला, की आधी सगळ्या देशाची मोजणी करावी आणि एका मैलाला सहा इंच (१:१०,५६०) या प्रमाणात नकाशे काढावेत. त्यांच्या आधारे जमिनीचे मूल्यांकन होणार होते. हे काम ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या लष्करी खात्याकडे गेले. प्रमुख होते थॉमस कोल्बी. तरुणपणी पिस्तुलाच्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता; पण डोंगरांतून मैलोन्‌मैल चालण्यात त्यांच्या हाताखालचे लोक त्यांना गाठू शकत नसत.

मोजणीची पद्धत होती त्रिकोणमापनाची. एक बाजू प्रत्यक्ष मोजायची, मग थिओडोलाइटने फक्त कोन मोजत पुढचे सगळे त्रिकोण गणिताने सोडवायचे. वर्गात आपण हे शिकवतोच. पण यात दोन अडचणी होत्या आणि दोन्हींवर शोधलेले उपाय मुलांना सांगण्यासारखे आहेत.

पहिली अडचण दिसण्याची. त्रिकोणाची टोके डोंगरमाथ्यांवर असत आणि त्यांमधले अंतर कधीकधी शंभर किलोमीटरच्या वर जाई. आयर्लंडच्या दमट, धुरकट हवेत एवढ्या दुरून दुसरे शिखर दिसेना. कोल्बींचे सहकारी थॉमस ड्रमंड यांनी यावर तोड काढली. चुनखडीचा गोळा तीव्र ज्योतीत तापवला की तो डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश देतो. असा गोळा अन्वस्त आरशाच्या नाभीशी ठेवून त्यांनी १८२५ च्या नोव्हेंबरात, बोचऱ्या थंडीवाऱ्यात, डोनेगॉल परगण्यातल्या स्लीव्ह स्नॅक्ट या डोंगरावरून प्रकाशझोत सोडला. बेलफास्टजवळच्या डिव्हिस डोंगरावर बसलेल्या निरीक्षकांना तो १०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून दिसला. हाच प्रकाश पुढे नाटकांच्या रंगमंचावर गेला. एखादा माणूस ‘लाइमलाइटमध्ये आला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या चुन्याच्या गोळ्याचीच आठवण काढत असतो.

दुसरी अडचण पहिली बाजू मोजण्याची. ही आधाररेषा लॉख फॉइल या खाडीच्या काठी १८२७-२८ मध्ये मोजली गेली. लांबी सुमारे आठ मैल, म्हणजे पावणेतेरा किलोमीटर. लोखंडी पट्टीने मोजायचे म्हटले तर तापमान एक अंश सेल्सिअसने बदलताच एवढ्या अंतरात सुमारे पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो. दिवसभरात दहा अंशांचा चढउतार झाला तर चूक दीड मीटरवर जाते, आणि ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते. कोल्बींनी लोखंड आणि पितळ यांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून मधोमध जखडल्या. तापल्यावर लोखंड जिथे तीन भाग वाढते तिथे पितळ साधारण पाच भाग वाढते. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना एक आडवी पोलादी जीभ खिळीने जोडली आणि ती लोखंडाच्या बाजूने थोडी बाहेर काढली. पट्ट्या वाढल्या की जीभ तिरपी होते. पण तिच्यावर एक बिंदू असा असतो, की पट्ट्या वाढोत वा आकसोत, तो जागचा हलत नाही. लोखंडी खिळीपासून त्याचे अंतर तीन, तर पितळी खिळीपासून पाच या प्रमाणात असते. समरूप त्रिकोण माहीत असलेला विद्यार्थी हे फळ्यावर सिद्ध करू शकेल. दोन्ही टोकांच्या अशा बिंदूंमध्ये बरोबर दहा फूट अंतर राहील अशी ही रचना होती.

या पट्ट्यांचा आपल्याशीही संबंध आहे. १८२९ साली रजेवर असलेले जॉर्ज एव्हरेस्ट आयर्लंडची मोजणी पाहायला गेले आणि हे साधन पाहून प्रभावित झाले. १८३० मध्ये भारताचे सर्व्हेअर जनरल म्हणून परतताना त्यांनी तशाच पट्ट्या बरोबर आणल्या. कलकत्त्याजवळ बराकपूर रस्त्यावरची आधाररेषा १८३१-३२ मध्ये याच पट्ट्यांनी मोजली गेली. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या पुढच्या आधाररेषांसाठीही त्या वापरल्या गेल्या.

डोंगर कोरा राहिला

आयर्लंडच्या परगण्यांचे नकाशे १८३३ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि १८४६ मध्ये केरीच्या नकाशांनी काम पूर्ण झाले. सुमारे १९०० मोठे कागद! संपूर्ण देशाचा इतक्या मोठ्या प्रमाणावरचा नकाशा जगात यापूर्वी झाला नव्हता. त्यात शेतांचे बांध, घरे, चुन्याच्या भट्ट्या, जुन्या गढ्या, विहिरी सगळे आहे.

पण डोंगरांचे काय? शिखरांच्या उंचीचे आकडे होते, ओढे होते, टाउनलँडच्या सीमा डोंगरमाथ्यापर्यंत चढलेल्या होत्या. उतार दाखवणाऱ्या समोच्चरेषा मात्र सुरुवातीच्या कागदांवर नव्हत्या. मूल्यांकन करणाऱ्याला क्षेत्रफळ हवे होते. चढ किती उभा आहे हे कळून त्याला फारसा उपयोग नव्हता. पीक नाही, घर नाही, म्हणजे कर नाही. आणि कर नाही तिथे तपशील नाही. डोंगरात चालणाऱ्याला नेमके हवे होते ते तिथेच कोरे राहिले.

दुसरी गोष्ट नावांची. आयरिश भाषेतली हजारो स्थळनामे इंग्रजी नकाशावर उतरवायची होती. १८३० पासून जॉन ओ’डोनोव्हन हे विद्वान गावोगाव हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, प्रत्येक नावाचे मूळ रूप आणि अर्थ नोंदवत गेले. ते काम अतिशय मोलाचे आहे. पण मूळ रूपे खात्याच्या वह्यांत राहिली आणि नकाशावर छापली गेली ती इंग्रजी वळणाची रूपे. ‘लॉग ना कोल्या’, म्हणजे ‘रानातला खोलगट भाग’, याचे ‘लगनाक्विला’ झाले, आणि त्या नावाचा अर्थ इंग्रजी वाचणाऱ्याला कळेनासा झाला. पुण्याचे ‘पूना’ झालेले पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. ब्रायन फ्रील यांनी १९८० साली याच विषयावर ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक लिहिले.

चालणाऱ्यांचा नकाशा

विसाव्या शतकात डोंगरात हौसेने भटकणारे लोक वाढले. १९८० मध्ये विकलो परगण्यात देशातली पहिली आखीव दूरची पायवाट सुरू झाली. तरी बहुतेकांच्या हाती असे तो मैलाला अर्धा इंच या प्रमाणाचा जुना नकाशा. त्यात आख्खे शिखर अंगठ्याखाली झाकले जाई.

१९९० च्या दशकात हवाई छायाचित्रांवरून १:५०,००० प्रमाणाची नवी मालिका पूर्ण झाली. फाळणीनंतर बेटाच्या दोन भागांत दोन मोजणीखाती झाली होती. पण या ८९ कागदांचे क्रमांक आणि चौकटी दोन्ही बाजूंना एकच ठेवल्या गेल्या. डोंगर राजकीय सीमा जाणत नाहीत, हे इथे तरी मानले गेले. समोच्चरेषा दर दहा मीटरला आल्या.

याच सुमारास शिखरांच्या उंचीचे आकडेही बदललेले दिसले. कॅरनटूहिल ३४१४ फूट, म्हणजे १०४०.६ मीटर होते. ते १०३९ मीटर झाले. डोंगर खचला नव्हता, शून्य सरकले होते. जुनी उंची मोजली होती ती डब्लिनच्या पूलबेग दीपगृहापाशी ८ एप्रिल १८३७ रोजी आलेल्या ओहोटीच्या पातळीपासून. नवी मोजली ती उत्तरेतल्या मेलिन हेडच्या सरासरी समुद्रसपाटीपासून, आणि ही पातळी आधीच्यापेक्षा सुमारे २.७ मीटर वर आहे. नुसती वजाबाकी केली तर १०३७.९ मीटर येतात. उरलेला फरक नव्या मोजणीचा. ‘समुद्रसपाटीपासून उंची’ हे शब्द आपण सहज वापरतो. कुठला समुद्र आणि कुठल्या दिवसाचा, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायला हवा.

हवाई छायाचित्रालाही मर्यादा असतात. सूचिपर्णी झाडांखालून गेलेली पायवाट विमानातून दिसत नाही. दहा मीटरच्या दोन समोच्चरेषांमध्ये आठ मीटरचा कडा सहज लपतो. कुंपण ओलांडायची जागा, दलदलीतली घळ, ओढ्यावरचा लाकडी पूल या गोष्टी पायी गेल्याशिवाय कळत नाहीत. शिवाय डोंगर बदलतो. लावलेले जंगल काही दशकांत तोडले जाते, लाकूड वाहायला नवे रस्ते होतात. कॅरनटूहिलवर जाणारी ‘सैतानाची शिडी’ ही जुनी चढण इतकी झिजली आहे, की सुटे दगड घसरून ती धोकादायक झाली आहे. नकाशात ओढलेली तुटक रेघ मात्र झिजत नाही.

ही उणीव भरून काढली ती चालणाऱ्यांनीच. टिम रॉबिन्सन हे इंग्लंडमधून आलेले चित्रकार १९७२ साली अ‍ॅरन बेटांवर राहायला गेले. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस एकेक बांध, एकेक वाट पायी तुडवत, तिथल्या लोकांकडून आयरिश नावे विचारत गेला. अ‍ॅरनचा नकाशा १९७५ मध्ये, बरनचा १९७७ मध्ये आणि कॉनेमाराचा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. जी नावे मोजणीत वगळली किंवा बदलली गेली होती, ती या नकाशांत परत आली.

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांतली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची घट काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत जाणारी चूक दहा-पंधरा मीटरवर आली. तेव्हापासून छोट्या खासगी नकाशाकारांचे काम सोपे झाले. ‘ईस्टवेस्ट मॅपिंग’सारखी छोटी संस्था आज विकलोच्या डोंगरांचे १:२५,००० किंवा १:३०,००० प्रमाणाचे नकाशे काढते, वाटा चालून तपासते, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्या करते. असा नकाशा ‘पूर्ण’ कधीच होत नाही. आवृत्ती तेवढी निघते.

१ मार्च २०२३ रोजी आयर्लंडचे मोजणीखाते, मूल्यांकन कार्यालय आणि मालमत्ता नोंदणी प्राधिकरण मिळून ‘टॉल्टे एरन’ हे एकच खाते झाले. म्हणजे दोनशे वर्षांनी नकाशा आणि कर पुन्हा एका छपराखाली आले! डोंगरात चालणाऱ्याने यावरून काय ते समजावे.

आपल्याकडचे स्थलदर्शक नकाशेही १:५०,००० प्रमाणाचे असतात. शाळेच्या परिसराचा असा एखादा नकाशा मिळवून विद्यार्थ्यांना टेकडीवर घेऊन जावे. नकाशात आहे पण जमिनीवर नाही, आणि जमिनीवर आहे पण नकाशात नाही, अशा दोन याद्या करायला सांगाव्यात. मग गावातल्या एखाद्या गुराख्याला त्या टेकडीची, ओढ्याची, खिंडीची नावे विचारावीत. त्यांतली किती नावे नकाशात सापडतात, हे मुलांनाच मोजू द्यावे.