ऑटो रेहागेल : १२-० ने हरलेला कोच ग्रीसला युरो कप जिंकून देतो तेव्हा…

२९ एप्रिल १९७८. बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीतली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग. तिच्या सीझनचा शेवटचा दिवस होता. बोरुसिया म्योंशनग्लाडबाख या टीमने बोरुसिया डॉर्टमुंडवर १२ गोल ठोकले. डॉर्टमुंडला एकही गोल करता आला नाही. बुंडेसलीगाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव म्हणून आजही याच मॅचचं नाव घेतलं जातं.

डॉर्टमुंडने कोचला काढून टाकलं. कोचचं नाव ऑटो रेहागेल. जर्मन भाषेत 'हागेल' म्हणजे गारा आणि 'टोर' म्हणजे गोल. त्यामुळे त्यांचं नवं नाव पडलं 'ऑटो टोरहागेल'. गोलांची गारपीट झेललेला माणूस.

पुढे २६ वर्षांनी हेच रेहागेल ग्रीसला युरो कप जिंकून देणार होते. तोवर ग्रीसने कोणत्याही मोठ्या स्पर्धेत एक मॅचसुद्धा जिंकली नव्हती.

रंगकाम शिकलेला डिफेंडर

रेहागेल यांचा जन्म ९ ऑगस्ट १९३८ चा, एसेन शहरातला. हा कोळसा खाणींचा पट्टा. तरुणपणी ते घरांना रंग देण्याचं काम शिकले आणि सोबत फुटबॉल खेळत राहिले. १९६३ मध्ये बुंडेसलीगा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच सीझनमध्ये ते बर्लिनच्या हेर्था क्लबकडून खेळले. नंतर कायझर्सलाऊटर्न. डिफेंडर म्हणून त्यांनी बुंडेसलीगाच्या २०१ मॅचेस खेळल्या. खेळाडू म्हणून ते कडक होते, पण स्टार कधीच नव्हते.

१९७२ पासून कोचिंग सुरू झालं. अडचणीतल्या क्लबने बोलवायचं, जमलं तर ठीक, नाही तर घरी पाठवायचं, अशी ही वर्षं होती. १२-० नंतर तर कुणी दारात उभं केलं नसतं तरी नवल नव्हतं. पण दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, त्यांनी फोर्टुना ड्युसेलडॉर्फला जर्मन कप जिंकून दिला.

ब्रेमेनची १४ वर्षं

१९८१ मध्ये ते वेर्डर ब्रेमेनला आले. क्लब तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमधून वर येत होता. तिथे त्यांनी १४ वर्षं काढली. फुटबॉल कोचच्या नोकरीत हा आकडा अविश्वसनीयच.

सुरुवातीला यश हुलकावणीच देत राहिलं. १९८३ मध्ये हाम्बुर्गइतकेच पॉइंट्स मिळूनही गोल कमी पडल्याने चॅम्पियनशिप हुकली. १९८६ ची गोष्ट तर ब्रेमेनमधली जुनी माणसं आजही विसरलेली नाहीत. घरच्या मैदानावर समोर बायर्न म्युनिक, स्कोअर ०-०, मॅच संपायला दोन-तीन मिनिटं आणि ब्रेमेनला पेनल्टी मिळाली. गोल झाला की चॅम्पियन. मिशाएल कुट्झॉपने मारलेला बॉल पोस्टला लागून बाहेर गेला. बुंडेसलीगात त्याची हुकलेली ही एकमेव पेनल्टी. शेवटच्या दिवशी ब्रेमेन हरलं, बायर्न जिंकलं आणि पुन्हा तेच झालं. पॉइंट्स सारखे, पण गोलांच्या हिशेबात बायर्न पुढे.

१९८७ मध्ये स्टार स्ट्रायकर रुडी फ्योलर इटलीला गेला. आता टीम खाली घसरणार असं वाटत असताना पुढच्याच वर्षी ब्रेमेन चॅम्पियन झालं. अख्ख्या सीझनमध्ये त्यांनी फक्त २२ गोल खाल्ले. गारपीटवाल्या कोचसाठी हे उत्तर पुरेसं होतं. त्यानंतर १९९३ ची बुंडेसलीगा, दोन जर्मन कप आणि १९९२ चा युरोपियन कप विनर्स कपही आला.

बायर्नमध्ये काय बिनसलं?

१९९५ मध्ये बायर्नने त्यांना बोलावलं. ब्रेमेनमध्ये सगळे निर्णय रेहागेल यांच्या हातात असायचे. बायर्नमध्ये अध्यक्ष होते फ्रान्झ बेकेनबाउर, मॅनेजमेंटमध्ये उली ह्योनेस आणि ड्रेसिंग रूममध्ये युर्गेन क्लिन्समानसारखे खेळाडू. एका म्यानात इतक्या तलवारी राहणं कठीणच. एप्रिल १९९६ मध्ये, युएफा कपच्या फायनलला काही दिवस उरले असताना त्यांना काढलं. फायनल बेकेनबाउर यांच्या कोचिंगखाली बायर्नने जिंकली.

त्याच सीझनमध्ये रेहागेल यांचा जुना क्लब कायझर्सलाऊटर्न दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला होता. रेहागेल तिथे गेले. वर्षभरात क्लब वर आला. वर आल्यावरची पहिलीच मॅच कुणाशी? म्युनिकमध्ये, बायर्नशी. १-० ने जिंकले. पुढे सीझनभर टिकून राहिले आणि मे १९९८ मध्ये चॅम्पियन झाले. दुसरा नंबर बायर्नचा. खालच्या डिव्हिजनमधून वर येऊन त्याच वर्षी बुंडेसलीगा जिंकणं त्याआधी कुणाला जमलं नव्हतं, नंतरही जमलेलं नाही.

आणि मग ग्रीस

२००१ मध्ये ते ग्रीसच्या राष्ट्रीय टीमचे कोच झाले. पहिल्याच मॅचमध्ये फिनलंडकडून ५-१ ने हार. ग्रीक भाषा त्यांना येत नव्हती, त्यामुळे खेळाडूंशी बोलायला असिस्टंट इओआनिस तोपालिदिस मध्ये असायचे. युरो २००४ च्या क्वालिफायर्समध्येही स्पेन आणि युक्रेनकडून लागोपाठ दोन पराभव झाले. त्यानंतर मात्र सलग सहा विजय, तेही एकही गोल न खाता.

पोर्तुगालमधल्या स्पर्धेत पहिल्या मॅचला ग्रीसने यजमानांनाच २-१ ने हरवलं. ग्रुपमध्ये रशियाकडून हरले, तरी पुढे सरकले. मग फ्रान्स १-०, चेक प्रजासत्ताक १-०, आणि ४ जुलैला लिस्बनमध्ये फायनलला पुन्हा पोर्तुगाल, पुन्हा १-०. तिन्ही गोल हेडरवर आले. फायनलचा गोल अँजेलोस खारिस्तेअसने ५७ व्या मिनिटाला कॉर्नरवर केला.

पद्धत साधी आणि जुनाट होती. समोरच्या टीमच्या धोकादायक खेळाडूला एक माणूस चिकटवायचा. मागे त्राइआनोस देलास मोकळा ठेवायचा, सुटलेला बॉल साफ करायला. पुढे कॉर्नर आणि क्रॉसवर डोकं लावायचं. बाकी युरोपने केव्हाच सोडलेल्या या खेळाला अनेकांनी कंटाळवाणं म्हटलं, आणि ते अगदी खोटं नव्हतं. पण फिगो आणि रोनाल्डोसमोर बरोबरीने हल्ले करत खेळण्याइतकी माणसं ग्रीसकडे नव्हती. हे ओळखून आखलेला खेळ होता तो. जो जिंकतो तो मॉडर्न, अशा अर्थाचं रेहागेल यांचं म्हणणं होतं.

परदेशी कोचने युरो जिंकण्याची ही पहिलीच वेळ. ग्रीक लोकांनी हेराक्लीस या पुराणातल्या वीरावरून त्यांना 'रेहाक्लीस' म्हणायला सुरुवात केली. जर्मनीनेही राष्ट्रीय टीमसाठी विचारलं. त्यांनी नकार दिला आणि ती जागा क्लिन्समानला मिळाली. २०१० च्या वर्ल्डकपमध्ये ग्रीसने नायजेरियाला २-१ ने हरवलं, तो वर्ल्डकपमधला ग्रीसचा पहिला विजय. त्या स्पर्धेनंतर रेहागेल यांनी ग्रीस सोडलं.

२०१२ मध्ये, ७३ व्या वर्षी, बुडणाऱ्या हेर्थाने त्यांना बोलावलं. बुंडेसलीगाच्या पहिल्या सीझनमध्ये ते ज्यांच्याकडून खेळले, तोच हा क्लब. तो मात्र वाचला नाही. बुंडेसलीगात टिकण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये हेर्था हरलं, ते फोर्टुना ड्युसेलडॉर्फकडून. त्यानंतर रेहागेल यांनी कुठलीच टीम घेतली नाही.