चूल, वतन आणि वारसा

मुंबई इलाख्यातील दिवाणी न्यायालयांत इंग्रज न्यायाधीशाच्या दिमतीस एकेक शास्त्री सरकारी पगारावर नेमलेला असे. आणि वारसाचा, वाटणीचा अथवा दत्तकाचा वाद उभा राहिला म्हणजे न्यायाधीशाने त्या वादातील नातेसंबंध तेवढे मांडून शास्त्र्यास लेखी प्रश्न करावा व शास्त्र्याने ग्रंथाधारासह लेखी उत्तर द्यावे, अशी वहिवाट १८६४ साली कायद्याने ही पदे रद्द होईपर्यंत चालत आली. पुणे, अहमदनगर, रत्नागिरी, धारवाड, सुरत अशा ठिकठिकाणच्या दप्तरांत साठलेली ही व्यवस्थापत्रे न्यायखात्यातील रेमंड वेस्ट आणि संस्कृतज्ञ गेऑर्ग ब्यूलर या दोघांनी वर्गवार लावली आणि १८६७ ते १८६९ या काळात दोन भागांत छापून काढली. हा ग्रंथ वकिलांच्या सोयीसाठी सिद्ध झाला खरा, परंतु मराठी मुलखातील कुटुंबाचा इतिहास ज्याला पाहावयाचा आहे त्याने बखरींच्या बरोबरीने तो उघडावा, असे माझे मत आहे; कारण येथे राजे नाहीत, लढाया नाहीत, आहेत ती केवळ एका मृत्यूनंतर मागे राहिलेली माणसे आणि त्यांना पडलेले पोटाचे प्रश्न. नवरा वारला, मागे विधवा आणि दीर, जिंदगी कोणाची? बापाला मुलगा नाही, एक लग्न झालेली मुलगी आणि एक पुतण्या; वारस कोण? सासऱ्याच्या आधीच मुलगा गेला. त्याच्या विधवेला त्या घरात अधिकार कशाचा? गोसावी समाधिस्थ झाला. मठाची मिळकत चेल्याकडे जावी की गुरुबंधूकडे? आजही कोणत्याही तालुक्याच्या गावी वकिलाच्या ओसरीवर तासभर बसले तर थोड्याफार फरकाने हेच प्रश्न कानी पडतात.

या प्रश्नांपैकी विधवेचा प्रश्न सर्वांत अधिक वेळा आणि सर्वांत अधिक निकडीने विचारला गेलेला दिसतो, आणि त्याच्या उत्तराची सारी भिस्त एका वस्तुस्थितीवर असे: मयत नवरा आपल्या भावांपासून विभक्त होता की अविभक्त. विभक्त असेल आणि त्याला मुलगा, नातू अथवा पणतू नसेल, तर त्याची पत्नी त्याची वारस. अविभक्त असेल, तर त्याचा हिस्सा मागे राहिलेल्या भावांत मुरून जाई आणि तिच्या वाट्याला अन्नवस्त्र येई. विभक्तपणाचा कागद असेल तर वाद मिटला. परंतु खेड्यापाड्यांतून भाऊ वेगळे होत ते बहुधा कागदावाचूनच, आणि म्हणून धर्मशास्त्रकारांनी, विशेषतः नारदाने, विभक्तपणाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांचा आधार घ्यावा लागे. दानधर्म वेगळा, गुरेढोरे वेगळी, घर व शेत वेगळे, स्वयंपाक वेगळा, आयव्यय वेगळा, देवकृत्ये वेगळी. भावाभावांत उसनवारी होत असेल, एक दुसऱ्याचा साक्षीदार अथवा जामीन राहत असेल, तर तेही विभक्तपणाचेच चिन्ह. ज्या घरात सासूशी पटले नाही म्हणून धाकट्या सुनेने माडीवर चूल मांडली आणि कुळाचार मात्र खालच्या देवघरात एकत्रच राहिला, त्या घरातील तरुण मुलगा वारला असता ती माडीवरची चूल ही केवळ सोय होती की वाटणी होती, यावर त्या मुलीचे उरलेले आयुष्य अवलंबून असे. नैवेद्य किती ठिकाणी होतो, वाण्याकडे खाते कोणाच्या नावे आहे, पितरांची तिथी कोण घालतो, अशा बाबींना साक्षीपुराव्यात जे वजन होते ते पाहिले म्हणजे गृहस्थाश्रमाच्या किरकोळ वाटणाऱ्या व्यवहारांकडे शास्त्रकार किती बारकाईने पाहत होते, याची खात्री पटते.

ज्या ग्रंथांचा आधार शास्त्री देत, त्यांत दोन मुख्य. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्याच्या आरंभी लिहिली गेली. मुलाला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच स्वत्व प्राप्त होते, हा तिचा सिद्धांत बंगाल वगळता बहुतेक सर्व भारतात मान्य झाला. दुसरा ग्रंथ सतराव्या शतकातील नीळकंठभट्टांचा व्यवहारमयूख. नीळकंठ काशीस राहून लिहीत होते, परंतु त्यांचे घराणे मूळ पैठणचे. गोदातीर सोडून काशीस गेलेल्या रामेश्वरभट्टांचे ते पणतू. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या टापूंत मयूखाचे वचन प्रमुख मानले गेले, तर देशावर व रत्नागिरीकडे मिताक्षरा प्रथम आणि मयूख तिच्या मागून, अशी व्यवस्था पुढे न्यायालयांनी स्थिर केली. नीळकंठांनी केलेली एक गोष्ट मला विशेष आदराची वाटते. इतर निबंधकारांनी वारसांच्या क्रमात बहिणीला जवळजवळ विसरूनच टाकले होते. नीळकंठांनी तिला आजीच्या लगोलग स्थान दिले, आणि त्याचे कारण असे दाखविले की विवाहाने ती परगोत्रात गेली तरी तिचा जन्म भावाच्याच गोत्रातला आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी, ज्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला आणि वकिली मुंबईच्या उच्च न्यायालयातली, हा ग्रंथ संपादून विवेचनासह प्रसिद्ध केला. तो वाचताना पैठणच्या या पंडिताची तर्कशुद्धता आणि तिच्यामागची माणुसकी दोन्ही प्रत्ययास येतात.

ग्रंथांतील धर्म असा होता. गावातील व्यवहार वतनाच्या अंगाने चाले. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही नुसती उत्पन्ने नव्हती. त्यांना मानपान जोडलेले होते, आणि जमीन वाटता येते तसा मान वाटता येत नाही, ही वतनाच्या वाटणीतील खरी अडचण होती. पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, टिळाविडा प्रथम कोणास, कागदावर वरचे नांगराचे चिन्ह कोणाचे, यांवरून भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या वैरे चालत. जमिनीत भाऊ सारखे वाटेकरी झाले तरी वडीलपण थोरल्या घराकडे राही, आणि धाकटे घर कधी एका सणाचा मान मागून घेई तर कधी एका दिशेच्या वेशीचा. तंटा विकोपास गेला म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुते, शेजारच्या गावचे मोकदम, परगण्याचे देशमुख-देशपांडे एकत्र येऊन पिढीनामा ऐकत, जुने कागद पाहत, वृद्धांस शपथ घालून विचारत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या महजरावर पाटील आपला नांगर काढी आणि बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराचे चित्र. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचीही साक्ष अशा रीतीने शाश्वत होई, आणि पन्नास वर्षांनी पुन्हा वाद उपस्थित झाला तर तोच कागद दप्तरातून बाहेर निघे. पुरावा दोन्हीकडे समतोल पडला तर दिव्याचा मार्ग असे. उकळत्या तेलातुपात हात घालून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात बांधून, मोहोर करून, काही दिवसांनी सोडून पाहत. जिंकणाऱ्याने सरकारास हरकी द्यावी व हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी, असा दंडक होता.

या भाऊबंदकीतून छत्रपतींचे घरही सुटले नव्हते. शहाजीराजे १६६४ साली निवर्तले. त्यांच्या कर्नाटकातील जहागिरीचा निम्मा वाटा शिवाजीमहाराजांनी १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याकडे मागितला. पुढे कारभारी रघुनाथपंत हणमंते यांच्या मध्यस्थीने समेट झाला, आणि त्यात बंगळूरकडचा मुलूख व्यंकोजींची पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी लावून दिला, असे बखरकार सांगतात.

पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारभारात १८२७ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले. दख्खनमधील जातीजातींच्या चालीरीती विचारून आर्थर स्टील याने केलेले संकलन त्याच वर्षी छापले गेले, आणि त्याच वर्षीच्या चौथ्या विनियमाने देशाच्या रूढीला ग्रंथांच्याही आधी मान दिला. आठव्या विनियमाने वारसांना न्यायालयाकडून दाखला मिळण्याची सोय केली, आणि महाराष्ट्रात आज लोक दिवाणी न्यायालयातून जो वारस दाखला काढतात तो अजूनही त्याच विनियमाखाली निघतो. कर्जाच्या बाबतीत मात्र रूढीचा जाच मोठा होता: बापाची जिंदगी हाती आलेली असो वा नसो, त्याचे ऋण मुलाने फेडलेच पाहिजे, असा नियम या इलाख्यात मानला जाई. १८६६ च्या मुंबई कायद्याने हा भार वारशाने हाती आलेल्या मिळकतीपुरता मर्यादित केला, आणि सावकाराच्या बेड्यांतून किती घरे सुटली असतील याची कल्पनाच करावी.

मृत्युपत्राचा इतिहास याहून अर्वाचीन आहे. जेथे मुलाचा हक्क जन्माबरोबरच उत्पन्न होतो तेथे बापाने मरताना काय सांगावे याला वाव थोडाच. अविभक्त मिळकतीतील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा मिताक्षरेच्या कुटुंबातील पुरुषाला १९५६ पर्यंत नव्हती. स्वकष्टार्जित मिळकतीची गोष्ट वेगळी. मुंबई शहरात, जेथे व्यापाराने नवी संपत्ती उभी राहिली आणि इंग्रजी न्यायालये दाराशी होती, तेथे मृत्युपत्रे पुष्कळ होऊ लागली. १८७० च्या कायद्याने त्या शहरातील हिंदूंच्या मृत्युपत्रास लेख, सही आणि दोन साक्षीदार आवश्यक केले. बाहेरच्या मुलखात हे बंधन १ जानेवारी १९२७ पासूनच्या मृत्युपत्रांना लागू झाले. म्हणजे पुण्यात अगर साताऱ्यात त्या तारखेपूर्वी एखाद्या गृहस्थाने अंथरुणावरून चार माणसांसमक्ष तोंडाने सांगितलेली व्यवस्थाही, पुराव्याने शाबीत झाली तर, न्यायालय मान्य करी.

आणि आता मूळ सूत्राकडे, स्त्रियांच्या वारसाहक्काकडे, वळतो. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मयूखाच्या आधाराने स्त्रियांना इतर प्रांतांपेक्षा अधिक अधिकार दिले. बहीण वारस ठरली. बापाकडून मुलीस आलेले धन तिच्या पूर्ण मालकीचे ठरले. देशावर विधवेला नवऱ्याच्या अनुज्ञेवाचून दत्तक घेता येऊ लागला. पण १८८६ साली, दप्तर आणि चाकरी पुरुषांच्याच हाती राहावी या हेतूने, वतनी मिळकतीपुरता कायदा असा झाला की शेवटच्या धन्याची विधवा सोडून घराण्यातील प्रत्येक स्त्री प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे ढकलली गेली. पैठणच्या पंडिताने लेकीबहिणींना जे दिले होते त्यातील फार मोठा भाग, गावोगावच्या उत्तम जमिनी वतनीच असल्यामुळे, कलमाच्या एका फटकाऱ्याने परत गेला. याचा विषाद मला आजही वाटतो. अविभक्ताच्या विधवेला नवऱ्याचा हिस्सा तहहयात मिळू लागला तो १९३७ मध्ये, आणि पूर्ण मालकीने १९५६ मध्ये. त्या १९५६ च्या कायद्यातही, आई हयात नसेल आणि बापाच्या मागे एक मुलगा व एक मुलगी असेल, तर वडिलार्जित मिळकतीत मुलास तीन चतुर्थांश व मुलीस एक चतुर्थांश, असाच हिशेब होई. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः सहदायाद केले, पण त्या दिवशी अविवाहित असलेल्यांनाच. त्यामुळे थोरल्या बहिणीचे लग्न आदल्या वर्षी झालेले आणि धाकटीचे ठरलेले, अशा घरांत दोघींचे हक्क दोन तऱ्हेचे झाले. हा भेद ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने नाहीसा केला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निःसंदिग्ध सांगितले. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासूनच लागू होती व तिच्यात मुलगा-मुलगी समान होती. सावंतवाडीतल्या लेकीला जे मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली ते पेडण्यातील तिच्या मावसबहिणीला कायद्याने आधीच दिलेले होते.

इतके होऊनही आज बाप वारल्यावर गावात काय घडते ते पाहावे. तलाठ्याच्या वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-कमध्ये, मुलींची नावे लागतात, फेरफार मंजूर होतो, आणि वर्षश्राद्धाच्या आतबाहेर त्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी बोलावले जाते. माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल, सणाला कोणी बोलावणार नाही, या धास्तीने बहिणी सही करतात आणि साडीचोळीवर बोळवण करून घेतात; मोबदला बहुधा कागदावर नसतो आणि प्रत्यक्षातही नसतो. राजीखुशीने कोणी हक्क सोडला तर त्यात दोष काढण्याचे कारण नाही, पण ज्या राजीखुशीचा मजकूर भावाने आणलेल्या लेखनिकाने आधीच लिहून ठेवलेला असतो, तिच्याविषयी मला शंका आहे. एवढे तरी प्रत्येक बहिणीला ठाऊक असले पाहिजे की साध्या अर्जावर अथवा कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीने तिचा स्थावरातील हिस्सा जात नाही, त्यास नोंदणीकृत दस्तच लागतो. फेरफाराची नोटीस तिच्या नावे निघते आणि तीवर हरकत लेखी देता येते. आणि वाटणीचा दावा लावावयाचा तर त्यासाठी भावाची संमती लागत नाही.