जर्मेनियमचा उन्हाळा

मराठवाड्यातल्या रेडिओचा इतिहास बहुधा केंद्रांच्या सनावळीने सांगितला जातो. निजामाच्या हैदराबादेत १९३५ साली प्रक्षेपण सुरू झाले, १९५३ मध्ये पुण्याचे आकाशवाणी केंद्र आले आणि १९६८ मध्ये परभणीचे. ही सनावळ खरी असली तरी अपुरी आहे. केंद्राचा आवाज वाशी-भूमच्या वस्तीवर पोहोचायचा तर तिथला संच चालू असावा लागतो, आणि तो चालू ठेवणाऱ्याची गाठ धाराशिव जिल्ह्यात इतर कशाहीपेक्षा उन्हाशी होती. रेडिओ दुरुस्तीच्या या व्यवसायाचे शहाणपण शोधायचे असेल, तर ते तापणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या एका बिघाडात सापडते, असे माझे मत आहे.

ट्रान्झिस्टरच्या आधीच्या व्हॉल्व्हच्या काळात उष्णता हा बिघाडच नव्हता. आतली तार लालसर तापल्याशिवाय व्हॉल्व्ह काम करीत नाही. गार व्हॉल्व्ह म्हणजे मेलेला व्हॉल्व्ह. अशा संचाला वीज लागे किंवा जड बॅटऱ्या, त्यामुळे तो गावातल्या मोजक्या घरांत किंवा चावडीवर असे. पुणे केंद्राने १९५६ च्या सुरुवातीला युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवली. धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, अजून हैदराबाद राज्यातच होता, म्हणून तो या प्रयोगाबाहेर राहिला. इथल्या शेतापर्यंत रेडिओ खऱ्या अर्थाने नेला तो सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरने. त्या सेलच्या संचाने मेकॅनिकचे आधीचे ज्ञान उलटे केले. व्हॉल्व्हच्या बाबतीत जे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण होते, तेच आता दुखण्याचे झाले. शिवाय व्हॉल्व्हच्या संचात दोनशे-अडीचशे व्होल्ट खेळत, तिथे हात घालणे जिवावर बेतले असते. सहा किंवा नऊ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरमध्ये मात्र बोट हेच पहिले उपकरण ठरले. स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या आउटपुटच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या जोडीवर बोट ठेवले आणि चटका बसला, की दुखणे कुठे आहे ते कळे.

ती जोडी जवळून पाहण्यासारखी आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर देशात बनवायला घेतले. आउटपुटला पुष्कळ संचांत एसी १२८ दिसे: करंगळीच्या पेराहून लहान, धातूची डबी, तीन तारा आणि अंगाभोवती पत्र्याची एक क्लिप. ती क्लिप शोभेची नव्हती, तिच्यावाटे उष्णता बाहेर जाई. जर्मेनियममध्ये सिग्नल नसतानाही थोडी वीज गळते, आणि साधारण दर दहा अंशांना ही गळती दुप्पट होते. म्हणजे २५ अंशांवर जी गळती असेल, ती ४५ अंशांवर चौपट. गळती वाढली की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की गळती आणखी वाढते, आणि हे चक्र कोणी थांबवले नाही तर आतला जोड जळेपर्यंत फिरत राहते. एसी १२८ च्या आतल्या जोडाची मर्यादा ९० अंशांची होती. मे महिन्यात सावलीतला पारा चाळिशीपार गेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या संचाला किती सवड उरत असेल, याचा हिशेब वाचकाने करावा.

यावर कोणी म्हणेल की संच बनवणाऱ्यांना उन्हाळा ठाऊक नव्हता काय? ठाऊक होता. म्हणूनच एमिटरच्या वाटेवर एक-दोन ओहमचा रेझिस्टन्स घालत, आणि ट्रान्झिस्टरला सिग्नल नसतानाही थोडा चालू ठेवणाऱ्या बायसच्या साखळीत थर्मिस्टर, जो तापला की त्याचा रोध कमी होतो आणि ट्रान्झिस्टरला मिळणारा बायस आपोआप उतरतो. कारखान्यातून निघालेला संच हा उन्हाळा सोसण्याच्या बेतानेच निघे. खरा प्रश्न पहिल्या दुरुस्तीनंतर सुरू होतो. थर्मिस्टर गेला आणि त्याच्या जागी साधा रेझिस्टन्स लावला, तर संच संध्याकाळच्या गारव्यात छान वाजतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घोगरा होऊन सेल खाऊ लागतो. म्हणजे दोष हवामानाचा होता की हाताचा, असा प्रश्नच गैरलागू आहे. धाराशिवच्या उन्हात दुरुस्तीतली छोटी चूकही झाकून राहत नसे.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. हे मेकॅनिक शिकलेले इंजिनियर नव्हते. जळालेला पार्ट काढून नवा घालायचा एवढेच त्यांचे काम, त्यात शास्त्र कसले? दुसऱ्या बिघाडांबाबत हे काही अंशी मान्य करता येईल. तापणाऱ्या आउटपुटबाबत ते टिकत नाही, कारण तिथे नुसता पार्ट बदलून भागत नाही. मूळ कारण तसेच राहिले तर नवी जोडीही जळते आणि तिची किंमत दुकानदाराच्या अंगावर पडते. कारणे तर अनेक: गळका कंडेन्सर बेसवर नको तितका करंट सोडतो; सेलऐवजी लावायला नऊ व्होल्टचा म्हणून घेतलेला स्वस्त एलिमिनेटर भार नसताना बारा-तेरा व्होल्ट देतो; बायस ठरवणारा प्रीसेट कोणीतरी फिरवून ठेवलेला असतो. ती शोधायची रीत काटेकोर आहे. आवाज पूर्ण बंद करायचा आणि एमिटरच्या रेझिस्टन्सवरचे व्होल्टेज मोजायचे. एक ओहमवर पाच मिलिव्होल्ट म्हणजे पाच मिलिअँपिअर, हे ठीक. पन्नास आले तर बायसमध्ये शिरावे लागते. आकडा वाचून लगेच उठायचे नाही, दहा मिनिटे तो चढतो का ते पाहायचे. ओहमचा नियम, निरीक्षण आणि धीर, हे सगळे या कृतीत आहे. याला शास्त्र न म्हणण्याचे एकच कारण मला दिसते, ते म्हणजे करणाऱ्याकडे पदवी नव्हती, आणि ते कारण मला मान्य नाही.

सिलिकॉन आल्यावर हा प्रश्न मिटला असेही म्हणतात. सिलिकॉनची गळती फारच कमी आणि सहनशक्ती कितीतरी जास्त, हे खरे. तरी त्याचेही बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते, त्यामुळे बायस चुकला तर तोही तसाच तापत जातो. २एन३०५५ सारख्या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या भोंग्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये तेच दुखणे मोठे होऊन आले. तुळजापूरच्या नवरात्रासारख्या गर्दीत ॲम्प्लिफायर दिवसभर बंद होत नाही. हीटसिंक आणि ट्रान्झिस्टर यांच्यामधला अभ्रकाचा तुकडा फाटला, त्याला पेस्ट लावायची राहिली, किंवा आठ ओहमचे चार भोंगे समांतर जोडून भार दोन ओहमवर आणला, की तोच चटका आणि तीच शोधाशोध.

या ज्ञानाची वही कोणी ठेवली नाही, पण संच स्वतःच कागदपत्र आहेत. ज्यांच्या माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर पडून असेल, त्यांनी तो भंगारात देण्याआधी मागचे झाकण उघडावे. वेगळ्या रंगाचा रेझिस्टन्स, पत्र्यातून हाताने कापलेली क्लिप, जोडीत नंतर बसवलेला ट्रान्झिस्टर असे काही दिसले तर फोटो काढून ठेवावा, आणि गावात जुने मेकॅनिक असतील तर तो त्यांना दाखवून ते कशासाठी केले ते लिहून घ्यावे. संच चालू करून पाहायचा असेल तर आधी जुने कंडेन्सर बदलावेत आणि सेल घातल्यावर पहिली दहा मिनिटे आउटपुटवर बोट ठेवून बसावे.