एकच घराणे, पाच पिढ्या, वारसा कोणता?

आपला खरा वारसा कोणता, यावरून मराठी मुसलमानांच्या घरात वाद होतात. एकाला उर्दू हवी असते, दुसऱ्याला गावची मराठी आणि दर्ग्याचा उरूस. समोरचा आपले मूळ विसरला, असे दोघांनाही वाटते. विजापूरच्या आदिलशाही घराण्यात हाच वाद पाच पिढ्या चालला.

संस्थापक यूसुफ आदिलशाह बाहेरून आलेला, शिया. त्याने मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी लग्न केले. ती बूबूजी खानम. तिचा मुलगा इस्माईल १५१० मध्ये गादीवर आला. आई मराठा, पण मुलाची ओढ इराणकडे. त्याने सैन्याला इराणी पद्धतीची बारा टोकांची लाल टोपी घालायला लावली.

इस्माईलचा मुलगा पहिला इब्राहीम १५३४ मध्ये सुलतान झाला आणि त्याने सगळे उलटवले. सुन्नी पंथ स्वीकारला, लाल टोपी बंद केली, बहुतेक परदेशी सरदारांना काढून दख्खनी लोकांना जवळ केले. जमाखर्च फारसीऐवजी हिंदवीत, म्हणजे इथल्या लोकभाषेत आणला. बरेच इतिहासकार तिचा अर्थ मराठी असाच लावतात.

त्याचा मुलगा अली १५५८ मध्ये आला आणि पुन्हा शिया पंथ व परदेशी सरदार दरबारात आले. पण त्याच अलीच्या काळात, १५७० मध्ये, 'नुजूम-उल-उलूम' हा सचित्र ग्रंथ तयार झाला आणि त्यात भारतीय योगिनींची चित्रे आहेत.

अलीनंतर १५८० मध्ये त्याचा पुतण्या दुसरा इब्राहीम लहानपणीच गादीवर बसला. त्याला सांभाळले अहमदनगरच्या चांदबीबीने. हा सुलतान सुन्नी. त्याच्या दख्खनी 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वती आहे आणि गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराजही आहेत. तो दरबाऱ्यांशी मराठीत बोलायचा, असे मोगल वकील असद बेगने लिहून ठेवले आहे.

यांतला कोणता आदिलशाह 'खरा'? मराठा आईचा मुलगा इराणकडे वळला, त्याचाच मुलगा लोकभाषेकडे. रक्ताने काहीच ठरवले नाही, पंथानेही पूर्ण ठरवले नाही. घरात फारसी होती, दख्खनी होती, मराठीही होती. प्रत्येकाने त्यातून आपापले उचलले, आणि पाचही जण मुसलमानच राहिले.

म्हणून घरातल्या कुणी मराठीत लिहिले किंवा कुणी उर्दू जपली, तर त्याच्या इमानावर बोट ठेवण्याआधी विजापूर आठवावे. आणि मराठी मुसलमानाला उपरा म्हणणाऱ्यांनीही हिंदवीतला तो जमाखर्च आठवावा.