लाल मिलो ते मोफत तांदूळ

धर्मापुरीत केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ बघायला लोक येतात, शिल्पांचे फोटो काढतात, निघून जातात. पण गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणापुढे नुसतं ‘बहात्तर’ म्हणा, बोलणं लवकर संपत नाही.

१९७१ ची लोकसभा ‘गरिबी हटाव’वर जिंकली गेली. मार्च १९७२ मध्ये विधानसभाही झाली. मग पाऊस गेला. ज्वारीच्या मुलखात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला, बायाबापड्या दुष्काळी कामांवर खडी फोडू लागल्या. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

गंमत अशी, की तेव्हा पुढची निवडणूक लांब होती. सरकारला हलवलं ते मतांनी कमी, मोर्चांनी जास्त. अर्थात बीडचं मतही गरीब नव्हतं. याच मतदारसंघानं १९६७ मध्ये साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट म्हणून दिल्लीला धाडलं होतं आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडेंना. वि. स. पागेंच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा कायदाही १९७७ चाच. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तुमच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो ना? तो १९७५ मध्ये याच हमीच्या खर्चासाठी बसवला होता.

अन्नसुरक्षा कायदा सप्टेंबर २०१३ मध्ये आला, लोकसभेच्या तोंडावर. तांदूळ ३ रुपये, गहू २, भरड धान्य १ रुपया किलो. आणणारे तरी हरलेच. यादीत न बसलेल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, म्हणजे बीडमध्येही, त्याच दरानं गहू-तांदूळ मिळू लागला. २०२३ मध्ये तो थांबला. बदल्यात तेव्हा माणशी महिन्याला १५० रुपये ठरले, खात्यावर. पाच किलो धान्य आणि १५० रुपये एकच, असं कागदावर म्हणता येतं. किराणा दुकानात नाही.

हा बदल एका शासन निर्णयानं गुपचूप झाला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला, छत्तीसगडमधल्या दुर्गच्या प्रचारसभेत, मोफत धान्य आणखी पाच वर्षं देण्याची घोषणा झाली. काढून घ्यायला परिपत्रक, द्यायला माईक.

राज्याचा सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा कोटा मात्र २०११ च्या जनगणनेवरच अडकलेला. नंतर जन्मलेल्यांना जागा हवी तर यादीतलं कुणीतरी कमी व्हावं लागतं.

मोफत धान्याची मुदत डिसेंबर २०२८ मध्ये संपते. पुढची लोकसभा २०२९ च्या उन्हाळ्यात आहे.